एका हाताचं कुत्रं

एका नदीच्या पात्रात, भर वाळूत, एक म्हातारा राहायचा. आता पात्रात कुणी राहतं का, असं तुम्ही विचाराल. तर ती माणसंच तशी होती. पावसाळ्यात नदी भरून वाहायची तेव्हा ती काठावरच्या गावात असायची. दिवाळी सरली, पाणी एका अंगाला सरकलं आणि मधली वाळू उघडी पडली, की सगळं चंबूगबाळं घेऊन खाली उतरायची. वाळूत हातभर खोल आळी खणायची, आळ्यात शेणखत घालायचं, कलिंगडाचं बी टोचायचं आणि घागरी डोक्यावर वाहून वेल वाढवायचे. याला ती माणसं वाडी म्हणत. वाडी पिकून संपेपर्यंत मुक्काम वाळूतच, पाचटाच्या खोपीत.

म्हाताऱ्याच्या घरात मुलगा होता, सून होती आणि सात वर्षांची नात होती. म्हातारी मात्र नव्हती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

म्हातारी होती तोवर म्हाताऱ्याच्या शब्दाला घरात वजन होतं. ती त्याचं सगळं ऐकायची असं नाही, बरं का. उलट तोंड सोडून भांडायची. पण भांडायला तरी आधी ऐकावं लागतं ना! ती गेली आणि म्हाताऱ्याचं बोलणं वाऱ्यावर जायला लागलं. मुलगा कर्ता झाला. आळी कुठं खणायची, पाणी कधी द्यायचं, गाडी कुठल्या बाजाराला न्यायची, सगळं तोच ठरवायचा. म्हातारा काही सांगायला गेला, की म्हणायचा, "आबा, तुम्ही कशाला उन्हात येताय? बसा सावलीला."

मुलगा बोलायचा मायेनंच. पण रोज उठून "बसा, बसा" ऐकलं की माणूस खरंच बसतो, आणि बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. म्हाताऱ्याचे दिवसचे दिवस असे जायचे, की दोन वेळच्या "जेवलात का?" शिवाय एक शब्द कानावर पडायचा नाही.

अशात त्याला एक पिल्लू सापडलं. पांढरं, अंगावर कवड्या चिकटवल्यासारखे तांबूस ठिपके. म्हाताऱ्यानं त्याचं नाव ठेवलं कवड्या. आणि पहिल्याच दिवशी घरच्यांना बजावून सांगितलं, "ह्याला माझ्याशिवाय कुणी तुकडा घालायचा न्हाई. हे एका हाताचं कुत्रं होणार हाय."

त्या मुलखात तशी रीतच होती. दहा हातांचं खाल्लेलं कुत्रं चोराच्याही हातचं खातं, असं जुनी माणसं म्हणायची. म्हणून राखणीचं कुत्रं एकाच हाताचं करायचं. पण म्हाताऱ्याच्या मनात राखण एवढी नव्हती. आपलं ऐकणारं एक तरी असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

आणि कवड्या ऐकायचा. म्हातारा कधी मोठ्यानं बोलायचा नाही. हळूच, ओठातल्या ओठात "बस" म्हणायचा, की कवड्या बसला. "ऊठ" म्हटलं, की उठला. कोल्हा दिसला आणि "पिटाळ" म्हटलं, की बाणासारखा सुटला. कधी कधी काम नसतानाही म्हातारा घरच्यांच्या समोर त्याला उठवायचा आणि बसवायचा. बस. ऊठ. बस. आणि मग मुलाकडं बघायचा.

मुलगा हसायचा. "आबा, दमलं की ते!"

"दमू दे. ऐकतंय तरी," म्हातारा म्हणायचा.

सगळ्यांत मोठी करामत होती घोंगड्याची. म्हातारा आपलं काळं घोंगडं एखाद्या वस्तूवर टाकायचा आणि म्हणायचा, "राख." मग त्या वस्तूला देव आला तरी हात लावता यायचा नाही. बाजारात कलिंगडांच्या ढिगावर घोंगडं टाकून म्हातारा खुशाल चहाला जायचा. वाऱ्यानं घोंगड्याचं टोक उडालं, तर कवड्या त्या टोकावर जाऊन जड होऊन बसायचा. बाजारातली माणसं मजा बघायला जमायची.

"म्हातारबा, कुत्रं हाय का फौजदार?"

"फौजदाराला चहा पाजून फितवता येतं," म्हातारा मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "ह्याला न्हाई."

घोंगडं उचलायचा मान एकट्या म्हाताऱ्याचा. तो आपल्या हातानं घोंगडं उचलायचा, "सोड" म्हणायचा, आणि मग कुठं कवड्या शेपूट हलवायचा. पुढंपुढं तर म्हाताऱ्याला "राख" म्हणायचीही गरज पडेना. घोंगडं पडलं, की कवड्या राखणीला बसलाच.

एवढं इमानी जनावर घरात आलं आणि घरातली माणसं मात्र अजून लांब गेली. म्हाताऱ्यानं आपली खोप वाडीच्या पार त्या टोकाला बांधली. "कोल्हं तिकडनं येत्यात," म्हणाला. सून दोन वेळा भाकरी पोचवायची, ती दहा पावलांवर थांबायची आणि हाक मारायची. कवड्या गुरगुरायचा म्हणून आत येता यायचं नाही. म्हातारा बाहेर येऊन भाकरी घ्यायचा, ती परत जायची. झालं बोलणं.

एकदा काय झालं, नात आळ्यापाशी खेळत बसली होती. कवड्या तिच्याजवळ गेला. तिनं हातातला भाकरीचा तुकडा पुढं केला. कवड्यानं आधी हुंगला, मग हळूच खाल्ला आणि तिचा हात चाटला. पोरगी आनंदानं ओरडली, "आज्या, आज्या! बघ, कवड्या माझ्याकडं आला!"

म्हाताऱ्यानं बघितलं. कौतुक वाटायचं सोडून त्याला वाटलं, गेलं, हेही गेलं.

त्यानं कवड्याला मारलं नाही. मारलं असतं तर बरं, इतकं वाईट केलं. दोन दिवस त्यानं कवड्याशी बोलणं टाकलं. त्याच्याकडं बघितलं नाही, हाक मारली नाही, भाकरी समोर टाकली ती पाठ फिरवून. कवड्या दोन दिवस खोपीच्या तोंडाशी पडून होता, भाकरीला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं मांडीवर थोपटून बोलावलं, तसा सरपटत आला आणि कुईकुई करत पायावर लोळला. त्यानंतर पोरगी समोर आली की कवड्या तोंड फिरवायला शिकला. पोरगी हिरमुसली. आईनं विचारलं तर म्हणाली, "मी काय केलं त्याला?"

म्हाताऱ्यानं ते ऐकलं आणि तो खोपीत निघून गेला.

माघ सरता सरता वाडी भरात आली. एका सकाळी म्हातारा गावात दाढी करायला गेला होता. कवड्या पायवाटेच्या तोंडाशी, गावाकडं डोळे लावून बसलेला. तेवढ्यात वरच्या अंगानं तीन कोल्हे वाडीत शिरले. मुलगा हातातली घागर टाकून ओरडला, "कवड्या, धर! धर त्यांना! छू!" सून ओरडली, "अरे हान की!" कवड्यानं नुसती मान वळवून बघितलं आणि परत वाटेकडं तोंड केलं. जणू तो आरडाओरडा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातला होता. मुलगा पोचेपर्यंत कोल्ह्यांनी पिकलेली एक अख्खी रांग फोडून टाकली होती.

म्हातारा आला तेव्हा मुलगा फुटकी कलिंगडं गोळा करत होता. "आबा, ह्या कुत्र्याला आमचं ऐकायला शिकवा. तुम्ही नसलात तर ते असून नसल्यासारखं."

"जातच तशी हाय त्याची. मी काय करू?" म्हातारा म्हणाला. आणि मनातल्या मनात, वाडीचं नुकसान डोळ्यांसमोर असताना, तो थोडा खूश झाला. मी नसलो तर काहीतरी अडतं म्हणायचं!

पुढं फाल्गुनात एक दिवस मुलगा भल्या पहाटे गाडी भरून लांबच्या बाजाराला गेला. म्हाताऱ्याचं अंग सकाळपासून मोडून आलं होतं. सून भाकरी घेऊन आली तेव्हा त्यानं "नको, नंतर खाईन" म्हणून तिला परत लावून दिलं. दुपार कलली आणि त्याला हुडहुडी भरली. बाहेर वाळू तापून फुटाणे भाजावेत अशी, आणि आत म्हातारा दात वाजवतोय. एरवी तो गोधडी घ्यायचा, पण उशाला हाताशी आलं ते राखणीचं काळं घोंगडं; तेच त्यानं ओढलं आणि डोक्यापासून पायापर्यंत गच्च पांघरून घेतलं.

कवड्या दारात होता. त्यानं बघितलं, घोंगडं पडलं. उठला, आत आला आणि घोंगड्याला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसला. राखणीला.

थंडी गेली आणि ताप चढला. म्हाताऱ्याचा घसा असा सुकला, की जीभ टाळ्याला चिकटली. पाण्याचं मडकं दाराबाहेर, सावलीला. हात बाहेर काढावा म्हणून त्यानं घोंगड्याची कड सरकवली. कड हलली, तसा कवड्या मागं वळला आणि बाजारात वाऱ्यानं टोक उडाल्यावर बसायचा तसा त्या कडेवर जड होऊन बसला.

म्हाताऱ्याला हात काढता येईना. अंगात ताकद असती तर एका झटक्यात काढला असता. पण आता त्या हातांत कापसाएवढाही जोर नव्हता. "सोड" म्हणावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली.

तेवढ्यात सुनेचा आवाज आला. "मामंजी, उठलात का? पेज-भाकरी आणलीया, पाणी बी हाय."

कवड्या गुरगुरला.

"मामंजी?"

म्हातारा ओ देत होता. पण ती ओ त्याच्या छातीतच राहत होती. घोंगड्याच्या काळोखात त्याला सगळं ऐकू येत होतं. सुनेची पावलं दोन पुढं आली. कवड्याचं गुरगुरणं वाढलं. पावलं थांबली.

"आये, आज्या बोलत का न्हाई?" हा नातीचा आवाज.

"झोपला असंल," सून म्हणाली. पण लगेच परत ओरडली, "मामंजी, नुसतं हूं म्हणा! एवढंच!"

म्हाताऱ्यानं सगळा जीव गोळा केला. हूं सुद्धा येईना.

सुनेनं भाकरीचा तुकडा टाकला. तो दारात पडलेला म्हाताऱ्याला ऐकू आला. कवड्यानं वास घेतला नाही. तिनं काठी आपटली. कवड्या असा भुंकला, की पोरगी रडायला लागली. "कवड्या, ऊठ ना रे! कवड्या, आज्याला पाणी देऊ दे ना!" पोरगी त्याला विनवत होती, आणि कवड्या जागचा हलत नव्हता. तो आपल्या धन्याची वस्तू राखत होता. त्या वस्तूच्या आत धनीच आहे, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

तेव्हा त्या तापातही म्हाताऱ्याला एक गोष्ट लख्ख दिसली. माणसं दहा पावलांवर उभी होती. पाणी घेऊन उभी होती. जिवाच्या आकांतानं हाका मारत होती. आणि त्यांना अडवणारा दरवाजा त्यानं स्वतःच्या हातानं, रोज थोडा थोडा, भाकरी चारून उभा केला होता. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून तो चार वर्षं झुरला होता. आणि आज सगळी ऐकायला आली तर त्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. एवढं एकटं त्याला म्हातारी गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आला. सुनेनं एक पोतं भिजवलं आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळलं. पोरीला म्हणाली, "तू इथनं हलायचं न्हाई. काही झालं तरी न्हाई." आणि ती सरळ आत शिरली.

कवड्या तुटून पडला. पोत्यातून दात आत गेले. बाई ओरडली, पण मागं फिरली नाही की तिनं त्याला लाथ मारली नाही. कुत्रं एका हाताला लोंबकळत असताना तिनं दुसऱ्या हातानं घोंगडं धरलं आणि म्हाताऱ्याच्या तोंडावरून खसकन ओढलं.

कवड्याला धन्याचं तोंड दिसलं. त्याचा जबडा सुटला. तो मागं सरकला. एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं, एकदा सुनेकडं, एकदा घोंगड्याकडं. शेपूट पोटाखाली घालून तो कोपऱ्यात गेला आणि अंग चोरून उभा राहिला. त्या बिचाऱ्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

सुनेनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळीनं त्याच्या तोंडात पाणी सोडलं. थोडं पाणी, थोडं तिचं रक्त. चार वर्षांत त्याच्या डोक्याला कुणाचा मायेचा हात लागला नव्हता. तो पाणी पीत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडू नका मामंजी, आलीया ना मी," ती म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आला. बायकोचा हात बघितला, बापाची दशा बघितली, आणि आधी गावातून वैद्याला घेऊन आला. वैद्यानं जखम धुतली, बांधली. म्हाताऱ्याला काढा दिला. वैद्य गेला तसा मुलगा उठला आणि त्यानं दोरी हातात घेतली.

"आत्ताच्या आत्ता पल्याडच्या रानात सोडून येतो ह्याला. आबा, आज तुमचं ऐकायचो न्हाई."

म्हातारा काय तोंडानं बोलणार?

सूनच बोलली. "त्यानं काय केलं? शिकवलं तेच केलं की. कुत्र्याला रानात सोडाल, मग शिकवणाऱ्याला कुठं सोडाल?"

मुलाच्या हातातली दोरी सैल झाली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. बाईनं हे सासऱ्याला टोचायला म्हटलं नव्हतं. पण टोचलं.

मग ती म्हाताऱ्याकडं वळली. "मामंजी, कवड्या राहील. पण एकट्याचा राहायचा न्हाई. घरात राहायचं तर त्यानं घराचं ऐकायला पायजे. तुम्ही शिकवाल का? तुमच्याशिवाय ते कुणाला जमायचं न्हाई. न्हाई म्हणालात तर हे दोरी घेऊन उभेच हायत."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यात बघितलं. कवड्या त्याच्या डोळ्यांकडं बघत होता. ह्या जगात आपलं एकट्याचं म्हणावं असं ते एकच होतं. ते ठेवायचं तर वाटून टाकावं लागणार होतं.

"शिकवतो," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून कवड्याची भाकरी सुनेच्या हातातून सुरू झाली. म्हातारा शेजारी बसायचा. पहिल्या दिवशी कवड्यानं भाकरीकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं, पण खाल्ली नाही. तो तुकड्याकडं बघायचा आणि मग म्हाताऱ्याकडं.

"खा की रे," म्हातारा म्हणायचा. तरी खाईना.

तिसऱ्या दिवशी सून म्हणाली, "मामंजी, राग नका मानू. तोंडानं खा म्हणताय, पण तुमचे डोळे नको म्हणत्यात. ते डोळ्याचंच ऐकतंय."

म्हातारा चिडला. "माझे डोळे माझ्या ताब्यात हायत!"

"मग आज हसून म्हणा."

हसून म्हणायला गेला आणि त्याला कळलं, बाई खरं बोलतीय. हसू येईना. मनात तेच, गेलं, हेही गेलं. शेवटी त्यानं नातीला जवळ बोलावलं, तिच्या हातात तुकडा दिला, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि मागं तिचा हिरमुसलेला आवाज ऐकला होता तो आठवला. "चुकलं माझं त्या दिवशी," तो म्हणाला. पोरीला म्हणाला का कुत्र्याला, कुणास ठाऊक.

कवड्यानं त्याच्याकडं बघितलं. काय दिसलं त्याला, तेच जाणे. पुढं आला आणि पोरीच्या हातातला तुकडा खाल्ला.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. पण एकदम नाही. मुलगा "कवड्या, बस!" म्हणून खेकसायचा आणि कवड्या लांब पळायचा.

"अरे, भांडतोस काय त्याच्याशी?" म्हातारा म्हणाला. "हळू बोल. ओरडलं की त्याला वाटतं दुसऱ्यालाच काहीतरी म्हणतायत. शब्द एकच ठेव. तू म्हणतोस धर, ही म्हणती हान, पोरगी म्हणती पळ. त्यानं कुणाचं काय समजायचं? पिटाळ म्हणायचं. सगळ्यांनी पिटाळच."

"पिटाळ," मुलगा म्हणाला.

"अजून हळू. पोटातनं."

"पिटाळ."

"हां. आता ऐकलं की लगेच थोपटायचं. विसरायचं न्हाई. काम करून घेतलं आणि पाठीवर हात फिरवला न्हाई, तर उद्या कशाला ऐकंल?"

मुलगा बापाच्या तोंडाकडं बघत राहिला. "व्हय आबा," म्हणाला. मग खाली वाळूत बसला आणि म्हणाला, "परत सांगा. राख म्हणताना हात कसा करायचा?"

असे पंधरा दिवस गेले. रोज संध्याकाळी चौघं वाळूत बसायची, मध्ये कवड्या. कुणीही बोलावलं तर यायचं, कुणीही बस म्हटलं तर बसायचं. घोंगड्याची करामत म्हाताऱ्यानं बंद केली. आणि करायचीच वेळ आली तर कुणाच्याही "सोड" ला उठायचं, असं कवड्याला शिकवलं. म्हातारा सांगायचा, बाकीचे करायचे. पोरगी सगळ्यांत लवकर शिकली. तिचं "बस" हुबेहूब म्हाताऱ्यासारखं यायचं, ओठातल्या ओठात.

पण खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचे दिवस सोपे नव्हते. कवड्या आता दुपारी सुनेच्या खोपीच्या सावलीला झोपायचा. पोरीच्या मागं नदीवर जायचा. म्हातारा सवयीनं हात खाली सोडायचा, आणि हाताला डोकं लागायचं नाही. कुत्रं होतं, चांगलं होतं, सगळ्यांच्या कामी येत होतं. आणि त्याच्या खोपीच्या तोंडाशी वाळूत कवड्याच्या बसण्यानं पडलेला खळगा हळूहळू बुजत चालला होता.

वाडीच्या शेवटी शेवटी, एका संध्याकाळी, कवड्या बऱ्याच दिवसांनी आपणहून म्हाताऱ्याकडं आला. पायावर हनुवटी टेकून पडला. म्हातारा त्याच्या कानामागं खाजवत होता. म्हणाला, "आलास का रे? आठवण झाली का?" तेवढ्यात लांबून पोरीचा आवाज आला. ओरडून नाही, हळूच. "कवड्या. पिटाळ."

वरच्या अंगाला कोल्हा आला होता.

कवड्यानं मान वर केली. म्हाताऱ्याकडं बघितलं. पूर्वी म्हाताऱ्याच्या डोळ्यांत "नको" असतं, तर तो हलला नसता. म्हाताऱ्याचा हात अजून त्याच्या मानेवर होता. मग त्यानं हात उचलला.

"जा. पोरगी बोलावतीया."

कवड्या सुटला. वाळू उडाली. पार त्या टोकाला कोल्हा पळाला, पोरगी टाळ्या वाजवत नाचली, मुलगा हसला, सून कपाळावर हात धरून बघत राहिली. सगळी तिकडं होती. म्हातारा इकडं एकटाच होता, आणि पायावर कुत्र्याच्या हनुवटीची ऊब निवत चालली होती.

तो वाट बघत बसला. कशाची ते त्यालाही सांगता आलं नसतं. कवड्या परत आला नाही. तो पोरीजवळच बसला. दिवस बुडाला. सुनेच्या खोपीपुढं चूल पेटली. आता थोड्या वेळानं ती भाकरी घेऊन येईल, हाक मारील, आपण बाहेर जाऊन घेऊ, ती परत जाईल. म्हाताऱ्याला ते सगळं आधीच दिसलं.

आणि मग त्याला वाटलं, अरे, आता दारात गुरगुरणारं तर कुणी नाही. मग मी कुणाला अडवून बसलोय?

तो उठला. काठी घेतली. एवढी मोठी वाडी त्यानं आळी चुकवत चुकवत पार केली. चुलीपाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली. सुनेनं वर बघितलं.

"अवं मामंजी, मी आणतच होते की!"

"रोज आणतीस," म्हातारा म्हणाला. "आज इथंच वाढ. माझ्या खोपीत वारं लई येतं."

वारं काही नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. मुलगा जरासा सरकला, पोरगी जराशी सरकली, आणि मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

मुलानं भाकरी मोडता मोडता विचारलं, "आबा, पुढल्या साली आळी खालच्या अंगाला खणावी म्हणतोय. तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्यानं आधी घास गिळला. मग म्हणाला, "उद्या दाखव जागा. बघू."

तात्पर्य: माया एकट्याचीच करून ठेवली, तर तिच्या आत आपण एकटेच उरतो. जे आपल्याला फार प्रिय आहे ते घरातल्या सगळ्यांचं होऊ द्यावं. आणि घर आपल्याकडं यायची वाट बघत बसण्यापेक्षा चार पावलं आपण घराकडं चालावीत.